मधल्या फ्रेमांचा माणूस

मुकुंद घारे या माणसाबद्दल मी चार चांगले शब्द बोलावेत, असं मला पुष्कळांनी सुचवलं आहे. ‘तुला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं ना?’ म्हणतात. शिकवलं. खरं आहे. विहिरीत ढकलून पोहायला शिकवणारासुद्धा शिकवतोच. म्हणून त्याचे पाय धरायला कुणी जात नाही.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. दौंडमध्ये तेव्हा दर चार दुकानांमागं एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. बाकीच्या क्लासांत टायपिंग आणि हिशेब शिकवायचे. स्टेशनबाहेरच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर घारे सर चित्रं हलवायला शिकवायचे. मला शाळेपासून चित्रकलेचा नाद. बारावीनंतर नुसतं घरी बसण्यापेक्षा बरं, म्हणून वडिलांनी फी भरली आणि मी खुटबावहून सकाळच्या पॅसेंजरनं दौंडला जाऊ लागले.

सर बुटके, गोरे, फार टापटीप. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेले. शर्टाला कडक इस्त्री, नखं कापलेली, गालात कायम एक लवंग. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं कधी बघायचे नाहीत, हातांकडं बघायचे. नव्या मुलींना वाटायचं, सर लाजतात. सर लाजत नव्हते. तुम्ही पेन कसं उचलता, पदर कसा सारखा करता, हे ते टिपून घेत. तुम्ही काय बोलताय, याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नसायचं.

पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना उसळता चेंडू करायला सांगितला. कॉम्प्युटरवर हे काम वरवर सोपं असतं. चेंडू सुरुवातीला कुठं आहे ते दाखवायचं, शेवटी कुठं आहे ते दाखवायचं. मधली सगळी चित्रं, म्हणजे फ्रेमा, मशीन आपोआप भरून देतं. मी तसंच केलं. माझा चेंडू वरून खाली आला आणि खालून वर गेला. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

“हे काय आहे?”

“चेंडू, सर.”

“चेंडू? हे मढं आहे.” त्यांनी सगळ्या वर्गाला बोलावलं. “या रे सगळे. सुरेखानं खुटबावहून मढं आणलंय, दर्शन घ्या.”

पोरं हसली. मी मान खाली घातली. सरांनी मला उठवलं, माझ्या खुर्चीत बसले आणि पडद्याच्या कोपऱ्यातली, चेंडूचा वेग दाखवणारी सरळ रेघ माउसनं धरून वाकवली. एक टोक ओढलं, दुसरं किंचित उचललं. मग चेंडू सोडला. तो वरती क्षणभर रेंगाळला, मग सुटला, खाली येता येता वेगात आला, जमिनीवर दबला आणि उसळला. चेंडू तोच, जागा त्याच. पण आता त्याला वजन होतं. हातात घ्यावासा वाटला.

“मशीन सगळं सारख्या वेगानं ढकलतं,” सर म्हणाले. “जगात सारख्या वेगानं फक्त प्रेत जातं, तेही खांदेकरी चांगले असले तर. वस्तू सुटते कशी आणि टेकते कशी, एवढंच इथं शिकायचं. बाकी मशीनला येतं.”

सुटणं आणि टेकणं. पुस्तकात त्याला इंग्रजी नावं होती, पण सर हेच दोन शब्द वापरायचे. मीही आज माझ्या मुलांना हेच शब्द शिकवते आणि प्रत्येक वेळी तोंड कडू होतं.

अपमान करायची त्यांची एक पद्धत होती. ते ओरडत नसत. आवाज खाली आणत. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत शांतता पसरली की समजायचं, आज कुणाचं तरी काही खरं नाही. त्यांची बायको दुपारी डबा घेऊन यायची. एकदा तिनं डबा टेबलावर ठेवला तर आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, “परत उचल. आता ठेव. ठेव म्हटलं, टाक नाही म्हटलं.” तिनं डबा परत उचलला, परत ठेवला. सरांचं समाधान झालं नाही. तिसऱ्यांदा तिनं तो इतक्या हळू टेकवला की आवाजच आला नाही. सर आमच्याकडं वळून म्हणाले, “बघितलं? हे टेकणं.” ती बाई रिकामी पिशवी घडी करून जिना उतरून गेली. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण दत्ताचं जे केलं, ते मी विसरू शकत नाही.

दत्ता आमच्याच वर्गात होता, वीस-बावीस वर्षांचा. लहानपणी पोलिओ झालेला, डावा पाय बारीक. वर्गात सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीकडेची जागा धरायचा, म्हणजे कुणाच्या समोरून चालावं लागू नये. आम्हाला माणसाची चाल शिकायची होती. सरांनी एक एक करून दोघा-तिघांना चालवलं, मग म्हणाले, “ह्यात काही नाही. दत्ता, तू ये.”

दत्ता म्हणाला, “सर, माझं काय बघताय?”

“तुझंच बघायचंय. ये.”

तो भिंतीपासून दारापर्यंत चालला. सर म्हणाले, परत. तो परत चालला. सर टेबलावर बोटातल्या अंगठीनं ठेका धरून होते आणि आम्हाला समजावत होते, वजन कुठल्या पायावर थांबतं, खांदा कधी पडतो, बारीक पाय उशिरा सुटतो आणि लवकर टेकतो. दत्ताला घाम फुटला होता. “आता जरा भरभर,” सर म्हणाले. “जिना उतरल्यासारखा.” तो भरभर चालला. कुणी हसत नव्हतं, तेच जास्त वाईट होतं. सगळे वह्यांवर वाकून लिहून घेत होते.

त्या दिवशी आम्ही केलेल्या चाली वर्षभरातल्या सगळ्यांत उत्तम होत्या. दत्ता दुसऱ्या दिवसापासून आला नाही. पुढं काही महिन्यांनी दौंडच्या केबलवर एका गुडघेदुखीच्या तेलाची, सरांनी बनवलेली चित्रांची जाहिरात लागू लागली. त्यातला म्हातारा लंगडत यायचा आणि तेल लावल्यावर सरळ चालायचा. लंगडण्याची ती चाल दत्ताची होती, खांद्यासकट. आमच्या वर्गातल्या कुणालाही सांगावं लागलं नाही. दत्ताच्या घरीही केबल होतीच.

मी तेव्हाच सोडायला हवं होतं, असं माझा नवरा म्हणतो. त्याला कसं सांगू? सरांनी माझ्या कामाकडं बघून नुसतं ‘हं’ केलं, तरी पॅसेंजरमध्ये उभ्यानं घरी जाताना मला गर्दी जाणवायची नाही.

कोर्स संपल्यावर सरांनी मला त्यांच्या शिरूरच्या स्टुडिओत कामाला घेतलं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावर दोन खोल्या. शिरूरला माझी मावशी होती, मी तिच्याकडं राहू लागले. लग्नाच्या कॅसेटची नावं, केबलच्या जाहिराती, शाळांच्या सीड्या, असलं काम असायचं. एकदा एका संस्थेनं शाळेतल्या मुलांसाठी इनामगावच्या उत्खननात सापडलेल्या जुन्या वस्तीवर छोटी फिल्म करून मागितली. नदीकाठी एक बाई बसून ओल्या मातीला आकार देते, एवढाच त्यातला एक प्रसंग सरांनी स्वतः केला. गावातल्या शाळेत तो दाखवला, तेव्हा मागं उभ्या असलेल्या बायकांतली एक म्हणाली, “आगं, ही तर अंगठा लावून कड दाबतीय, बघ की. जित्ती हाय जणू.” मी सरांकडं बघितलं. त्यांना हसू आलं होतं. तसं हसू मी त्यांच्या तोंडावर त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ते मी लिहिलं नसतं तर खोटं झालं असतं, म्हणून लिहिलं.

मग सोपानचं प्रकरण झालं.

सोपान वडगाव रासाईचा. आजोबा-पणजोबांच्या काळी मेंढरं होती, आता थोडी शेती. जवळच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर, म्हणजे प्रेसवर, तो ठेकेदाराकडून कामाला होता. एक दिवस प्रेसखाली सापडून त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. त्याचं म्हणणं, प्रेस एकदा दाबून वर गेली, त्यानं भाग काढायला हात घातला आणि पायडल न दाबता ती आपोआप परत खाली आली. मशीन आधीही असं करत होतं, सुपरवायझरला सांगितलंही होतं. कारखान्याचं म्हणणं, मशीन ठणठणीत आहे. यानंच घाईत चालू प्रेसमध्ये हात घातला. कारखान्यात चौकशी बसणार होती. चूक मशीनची ठरली तर त्याला कारखान्यात दुसरं बसून करायचं काम मिळणार होतं. त्याची ठरली तर घरी.

कारखान्याचे एक साहेब आमच्याकडं आले. म्हणाले, सेफ्टीची फिल्म करायची आहे. अपघात कसा झाला ते दाखवायचं, चौकशीतही आणि पुढं कामगारांनाही.

सरांनी सोपानला स्टुडिओत बोलावलं. त्याला खुर्ची दिली, स्वतः चहा ओतून दिला. मी सरांना कुणासाठी चहा ओतताना पहिल्यांदा बघत होते. “कसं झालं ते सगळं सांगा,” म्हणाले. “घाई नाही.” सोपानच्या हाताला पांढरं बँडेज होतं. डाव्या हातानं तो दाखवू लागला. असा उभा होतो. असा भाग धरला. असा हात घातला, सावकाश, कारण पत्र्याची कड कापते. सरांनी टेपनं त्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं. पुन्हा पुन्हा करून घेतलं. सोपान जाताना माझ्याजवळ थांबला.

“ताई, तुमचं सर लई चांगलं हायेत. आजपत्तुर कुनी एवढं इचारलंच न्हाई.”

सरांनी कॅमेरा खोलीच्या वरच्या कोपऱ्यात असल्यासारखा ठेवला आणि पहिली फिल्म सोपाननं सांगितली तशीच केली. हात सावकाश जातो, वर थांबलेली प्रेस झटक्यात खाली येते. ती बघताना माझा स्वतःचा हात मी मागं घेतला. साहेबांनी ती बघितली. मग म्हणाले, “असं नको घारे. हे बघून माझीच नोकरी जाईल. काही करता येईल का?”

“काय पाहिजे?” सरांनी विचारलं.

“तुम्हाला कळतंय की.”

सरांना कळलं. दुपारभर ते रेघा वाकवत बसले. मी शेजारच्या मशीनवर होते. प्रेसची रेघ त्यांनी सुरुवातीला आडवी ओढली. आता प्रेस हळूहळू, सगळ्यांना दिसेल अशी खाली यायला निघत होती. हाताची रेघ शेवटी उभी केली. आता हात आधी रेंगाळत होता आणि मग एकाएकी आत घुसत होता. जणू प्रेस येताना दिसत असूनही त्या माणसाला आणखी एक भाग काढायची हाव सुटली. अंगठा आत वळवला, मान जराशी दुसरीकडं फिरवली. बस, तेवढंच.

“सर, असं नाही झालं,” मी म्हणाले.

“तू होतीस तिथं?”

“तो काय म्हणाला ते आपण दोघांनी ऐकलंय.”

सरांनी आवाज खाली आणला. “नीट बघ. हात जिथून निघाला तिथूनच निघतोय. जिथं सापडला तिथंच सापडतोय. प्रेस वर होती तिथंच आहे, खाली आली तिथंच आली. मी एक तरी जागा बदलली का?”

“मधलं बदललं.”

“मधलं कुणीच बघितलेलं नाही,” ते म्हणाले आणि लवंग दुसऱ्या गालात सरकवली.

चौकशी कारखान्याच्या कँटीनमध्ये झाली. पडदा, प्रोजेक्टर सगळं आमचं होतं, म्हणून मी होते. समोर साहेब, बाहेरून आलेले एक अधिकारी, कडेला काही कामगार. सोपान त्याच्या चुलत्याला घेऊन आला होता. पटक्यातला उंच म्हातारा, सगळे त्याला आबा म्हणत होते. फिल्म सुरू झाली. अपघाताची जागा आली तेव्हा कामगारांतून कुणीतरी “आरारा” केलं. अधिकाऱ्यांनी परत दाखवायला सांगितली. सरांनी परत दाखवली, या वेळी सावकाश. सावकाश दाखवल्यावर तर घाई आणखीच दिसली.

अधिकाऱ्यांनी विचारलं, “सोपान, तुम्हाला यावर काय सांगायचंय?”

सोपान पडद्याकडं बघत होता. त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

“साहेब...” तो म्हणाला. “माजाच हात गेला आसंल.”

आबा ताडकन उठला. “आरं, काय बोलतुयास? तूच म्हनलास न्हवं, मशिन आपसूक परत आलं म्हून?”

“व्हय आबा. मला तसंच वाटत हुतं.” सोपाननं बँडेजचा हात वर केला आणि पडद्याकडं दाखवला. “पन बगा की. दिसतंयच.”

आबानं आमच्या मशीनकडं बघितलं, सरांकडं बघितलं, मग पुतण्याच्या पाठीवर हात ठेवून खाली बसला. चूक सोपानची ठरली. त्याला परत कामावर घेतलं नाही.

परतताना जीपमध्ये मी सरांना म्हणाले, “सर, तो माणूस आता स्वतःलाच खोटं समजतोय.”

सर खिडकीतून बाहेर बघत होते. “मग काम चांगलं झालं,” म्हणाले.

यात उर्मटपणा नव्हता. ते मनापासून बोलत होते. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची भीती वाटली; तोपर्यंत वाटत होती ती नुसती बोलणी खायची भीती. दुसऱ्या दिवशी मी मावशीला सांगितलं, मी स्टुडिओत जाणार नाही. सरांनी निरोप पाठवला नाही, बोलावलं नाही, कारण विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी मावशीच्या यजमानांच्या मागं मोटारसायकलवर बसून वडगाव रासाईला गेले. सोपान शेताच्या बांधावर डाव्या हातानं शेळीचं दावं सोडवत होता. मी त्याला सगळं सांगितलं. फिल्म कशी बनते, रेघ कशी वाकवतात, पहिली फिल्म कशी होती. “दादा, ते तुम्ही नव्हता. ते आम्ही बनवलेलं होतं. तुम्ही सांगितलं तेच खरं.” मी म्हणाले, पाहिजे तर मी साहेबांसमोर येऊन सांगते.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, तुमी आलात, लई बरं वाटलं. पन आता काय सांगू? आदी डोळं मिटलं की मशिन दिसायचं, धाडकन येनारं. आता त्ये दिसतच न्हाई. आता सपनात बी हात तसाच जातुया. पडद्यावानी.”

त्याची बायको आतून चहा घेऊन आली. ती म्हणाली, “ह्ये मलाच म्हंत्यात, मी पैल्यापास्नं घायकुता हाय. आवो, जेवायला बसलं तरी तास लावनारा मानूस हाय ह्यो.”

साहेबांसमोर जाऊन मी सांगितलं. आबा माझ्याबरोबर आला होता. साहेब म्हणाले, कामगारानं स्वतः कबूल केलंय, तुम्ही कोण? पहिली फिल्म कुठं आहे? पहिली फिल्म सरांनी पुसून टाकली होती. गेटबाहेर आबा मला म्हणाला, “जाऊ द्या पोरी. त्यो सवताच न्हाई म्हनतोय, तिथं तुमी आन् मी काय करनार?”

त्यानंतर मी पुण्यात काम केलं, लग्न झालं, पुढं केडगावला स्वतःचा क्लास काढला. माझ्या वर्गात कुणाला उठवून चालायला लावत नाही. बाकी शिकवते ते सगळं सरांचंच.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते दौंड स्टेशनवर, बऱ्याच वर्षांनी. माझी पॅसेंजर लागली होती, मी खिडकीत बसले होते. ते फलाटावरच्या नळावर बाटली भरत होते. केस पिकलेले, इस्त्री मात्र तशीच. त्यांनी माझा खिडकीच्या गजावरचा हात ओळखला, मग मला. जवळ आले.

“सुरेखा. क्लास काढलास म्हणे.”

“हो.”

“चांगलं केलंस. माझ्या हाताखाली एवढी पोरं गेली, त्यात डोळा तुझा होता.”

इतकी वर्षं ज्या वाक्याची मी वाट बघितली होती, ते हे असं फलाटावर मिळालं. आणि मला बरं वाटलं. त्याचाच संताप आला, आणि त्या संतापात मी बोलून गेले, “सर, सोपानला तेव्हापासून अपघाताचं स्वप्न पडतं. तुम्ही केलं तसंच. हात तसाच आत जातो.”

सर थांबले. बाटलीचं झाकण लावता लावता त्यांचा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातांकडं न बघता सरळ तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल.

“कुठून दिसतं त्याला?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“स्वप्नात. स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, का वरच्या कोपऱ्यातून? आपण कॅमेरा ठेवला होता तिथून?”

गाडीनं शिट्टी दिली. सर खिडकीबरोबर चालू लागले. “सांग ना. त्यानं सांगितलं असेल तुला.”

त्यानं सांगितलं होतं. वडगावला बांधावर, बायको आत गेल्यावर. वरनंच दिसतंय ताई, म्हणाला होता, आढ्याला टांगून घेतल्यावानी. खाली हुबा हाय त्यो मीच हाय, पन मला त्येला हाक मारता येत न्हाई.

सरांना ही दाद मी दिली नाही. मी गजावरचा हात काढून मांडीवर घेतला आणि समोर बघत राहिले. फलाट संपेपर्यंत ते चालत होते, नंतर उताराशी थांबले. वळणावर मी एकदा मागं बघितलं, तेव्हा ते तिथंच उभे होते. झाकण न लावलेल्या बाटलीतून त्यांच्या बुटांवर पाणी सांडत होतं आणि त्यांचं लक्ष नव्हतं.